गडप्या नसल्याचा पुरावा

मुळात त्या प्राण्याला शेपूट द्यायचं की नाही, इथून सगळं सुरू झालं.

शाळेच्या बाईंनी मुलांना काम दिलं होतं. जगात नसलेला एक प्राणी तयार करायचा, त्याचं चित्र काढायचं आणि वर्गापुढे उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. आमच्या बिट्टीच्या वहीत बाईंनी लाल शाईनं आणखी एक ओळ लिहिली होती, ‘गोष्ट हिने स्वतः सांगायची आहे.’ ‘स्वतः’खाली जाड रेघ होती. त्या रेघेचा अर्थ मला आणि बिट्टीच्या आईला, म्हणजे हिला, बरोबर कळला. बिट्टी घरात अखंड बोलते, झोपेतसुद्धा बोलते. पण दाराबाहेर पाऊल पडलं की तिचं तोंड जे मिटतं, ते परत घरात येईपर्यंत उघडत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करते. बाईंनी तिचा आवाज अजून ऐकलेला नव्हता.

तेव्हा ही गोष्ट चांगली झाली पाहिजे, असं मी मनावर घेतलं. मी मनावर घेतलं की ही देवघरातून किंवा स्वयंपाकघरातून, जिथे असेल तिथून, काळजीनं बाहेर येऊन बघते.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोक आमचं अमुक जळलं, तमुक चोरीला गेलं असं लिहून देतात आणि ते खोटं आहे असं धरून मी कामाला लागतो. या नोकरीनं मी संशयी झालोय, असं हिचं म्हणणं. माझ्या मते मी फक्त सावध झालोय. हिनं असं का म्हणावं, त्यामागे हिचा काय हेतू असावा, यावरही मी विचार करून ठेवला आहे.

बिट्टीनं चित्र काढायला घेतलं. लोडासारखं अंग, आखूड पाय, एक कान हातरुमालाएवढा आणि दुसरा बटणाएवढा.

“कान असे का?” मी विचारलं.

“मोठ्या कानानं तो ऐकतो. छोटा कान शोभेचा आहे.”

“बरं. नाव?”

“गडप्या.”

“गडप्या का?”

“तो वस्तू गडप करतो.”

मी खुर्चीत ताठ झालो. हा तर माझाच प्रांत. “कसल्या वस्तू? कधीपासून? कुणी पाहिलंय?”

“झालं तुमचं ऑफिस सुरू,” ही आतून म्हणाली.

“राहतो कुठे?”

“जिन्यात. पाण्याच्या मीटरच्या मागे.”

“कुठल्या जिन्यात?”

“आपल्याच,” बिट्टी म्हणाली आणि त्याला जांभळट रंग देऊ लागली.

मी म्हणालो, प्राण्याला शेपूट हवं, आणि शेपटीला ओळखीची काही खूण हवी. ती म्हणाली, गडप्याला शेपूट नसतं. मी म्हणालो, खूण नसलेला प्राणी उद्या कुणीही आपला म्हणून नेईल. यावर बरीच चर्चा होऊन शेवटी शेपूट आलं आणि शेपटीला गाठ आली. मग मी माझ्या सुबक अक्षरात चित्राखाली तपशील लिहिला. नाव, रंग, ओळखीच्या खुणा, शेवटचा कुठे दिसला, सवयी. सवयींपुढे ‘वस्तू गडप करणे’ असं लिहिलं. ही येऊन म्हणाली, “हे चित्र आहे की पोलिसांनी काढलेलं पत्रक?” मी दुर्लक्ष केलं. गोष्ट सांगताना पोरगी अडली तर समोर मुद्दे असावेत, एवढाच माझा हेतू होता. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकेक द्यावी म्हणून ऑफिसातल्या यंत्रावर मी त्याच्या प्रती काढल्या. साहेबांना विचारून काढल्या, हे मुद्दाम सांगतो.

त्या प्रती घेऊन जिना चढताना एक प्रत खाली पडली असावी. ‘असावी’ म्हणतो, कारण ती कुणी काढून घेतली नसेलच असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर खाली सूचनाफलकापाशी गर्दी. टाचा उंचावून पाहिलं. काचेच्या आत गडप्या! आणि त्याच्या पोटावर सोसायटीचा गोल शिक्का, ‘कार्यकारिणीच्या आदेशानुसार’.

मी वॉचमनला बाजूला घेतलं. “हे इथे कुणी लावलं?”

“मीच. जिन्यात पडलं होतं. सेक्रेटरीसाहेबांकडे नेलं, त्यांनी शिक्का मारला. शिक्का मारलेला कागद लावायचा, असा नियम आहे.”

मी सेक्रेटरींकडे गेलो. हे गृहस्थ शिक्का खिशात घेऊनच फिरतात. मी म्हणालो, “साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. तो प्राणी खरा नाही. आमच्या मुलीचं चित्र आहे. न वाचता शिक्का बसला बहुतेक.”

इथे माझं चुकलं. ‘न वाचता’ हे शब्द मी वापरायला नको होते.

“मी न वाचता शिक्का मारत नाही,” सेक्रेटरी थंडपणे म्हणाले. “मी वाचलंय, विचार केलाय आणि मग मारलाय. प्राणी आहे.”

झालं. त्या क्षणापासून गडप्या अधिकृत झाला.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की त्यांच्या उशीचा भरतकाम केलेला अभ्रा दोरीवरून नाहीसा झाला होता, त्याचा उलगडा आज झाला. समोरच्या पोस्टमास्तर आजोबांना त्यांची डाव्या पायाची चप्पल आठवली. हे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून समोरच्याकडे पत्ता अपुरा असल्यासारखं बघतात. खुद्द सेक्रेटरी म्हणाले, “आणि गच्चीची किल्ली? ती काय आपोआप गेली?” गच्चीची किल्ली हरवल्यापासून आमच्या इमारतीत कुणी गच्ची पाहिलेली नव्हती. पोरं खाली गाड्यांमधून खेळायची आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खायची.

सल्ले तर विचारूच नका. काकूंनी दाराशी डांबरगोळ्या ठेवायला सांगितल्या. आजोबा मला जिन्यात थांबवून म्हणाले, “असल्या जनावराला पाठ दाखवू नये.”

“तुम्ही पाहिलंय त्याला?”

“पाहिलं नाही. पण पाठही दाखवलेली नाही.”

आणि ते खरोखरच माझ्याकडे तोंड ठेवून, कठड्याला धरून, उलटे उलटे खाली उतरले.

मला या सगळ्यांचाच संशय येऊ लागला. इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगतो, खरी वस्तू हरवलेला माणूस आधी स्वतःचं कपाट उपसतो. यांतल्या कुणीही काही उपसलेलं दिसत नव्हतं. काकूंना अभ्र्याचं भरतकाम कुठल्या रंगाचं होतं विचारलं, तर त्यांनी एकदा निळा आणि एकदा हिरवा सांगितला. आजोबांना विचारलं, “चप्पल दाराबाहेर होती की आत?” तर म्हणाले, “तुला काय करायचंय?” हे उत्तर निर्दोष माणसाचं नव्हे. मी घरी येऊन हिला म्हणालो, “यांच्यात काहीतरी शिजतंय.”

“आपल्याकडे काही शिजायचं असेल तर आधी भाजी चिरून द्या,” ही म्हणाली.

एव्हाना लोक माझ्याकडेही तसंच बघू लागले होते. पत्रकावरचं अक्षर माझं, हे सगळ्यांना ठाऊक. मी पिशवी घेऊन निघालो की पिशवीकडे नजरा जायच्या. शेवटी कार्यकारिणीचं पत्र आलं, ‘आपण इमारतीत विनापरवाना प्राणी बाळगल्याचे निदर्शनास आले आहे.’ ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना ‘निदर्शनास आले आहे’ असं लिहिलं, त्याला ते वाचायची पाळी आली. मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

पण खरा धक्का पुढेच होता. बिट्टीनं रंगांचा डबा उचलून कपाटावर ठेवून दिला होता.

“काय गं, गोष्ट कुठवर आली?”

“मी नाही सांगणार गोष्ट.”

“का?”

“सांगितली की सगळ्यांना तो कुठे राहतो ते कळतं. मग त्याला पकडून नेतात.” मग ती म्हणाली, “तूच लिहिलंस बाबा, शेवटचा कुठे दिसला ते.”

मी उरलेल्या सगळ्या प्रती उचलून कपाटात तळाशी ठेवल्या.

त्यातच कुणीतरी नगरपालिकेच्या प्राणी विभागात तक्रार केली. कुणी केली ते मी शोधून काढणार आहे. तक्रार रद्द करावी म्हणून मी तिथे गेलो. खिडकीच्या आतला कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

“प्राणी पकडला?”

“नाही.”

“पळाला?”

“नाही हो. तो नाहीच.”

“म्हणजे मेला.”

“मेला नाही. तो कधी जिवंतच नव्हता.”

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. “हे बघा, तक्रार मिटवायची तर प्राणी पकडला, मेला किंवा मालकानं दुसरीकडे हलवला, एवढंच लिहिता येतं. मुळात नसलेला, असं इथे नाही.”

“मग मेला असं लिहा.”

“देह जमा करावा लागेल.”

“हलवला लिहा.”

“जिथे हलवला तिथल्या लोकांची संमती आणा. तुम्हीच ना मालक?”

“मी मालक नाही. ज्या मुलीनं चित्र काढलं तिचा बाप आहे.”

“मालकाचे वडील,” असं पुटपुटत त्यानं लिहून घेतलं. “रविवारी निरीक्षक येतील. प्राण्याला बांधून ठेवा.”

एरवी असा माणूस आमच्या कंपनीत असता तर मी त्याच्या बढतीसाठी शब्द टाकला असता.

रविवारी निरीक्षक आले. बारीक अंगाचे, शांत, पायात जाड बूट. सोबत जाळी घेतलेला मदतनीस. त्यानं पाण्याच्या मीटरमागे हात घालून पाहिलं, तर एक झाडू निघाला. झाडू हाताला लागताच काकू “बाई गं!” म्हणून किंचाळल्या. मग सगळा लोंढा जबाबासाठी आमच्या घरात शिरला. सेक्रेटरी, काकू, आजोबा, वॉचमन, शिवाय ज्यांचं काहीही हरवलेलं नव्हतं असे पुष्कळजण. बसायला जागा उरली नाही. आजोबा तेवढे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बिट्टी आईच्या ओढणीमागे गेली होती, तिची फक्त बोटं दिसत होती.

“साहेब,” मी म्हणालो, “हे एका लहान मुलीनं काढलेलं चित्र आहे. एवढंच.”

“मग त्यावर सोसायटीचा शिक्का कसा?” निरीक्षकांनी विचारलं.

“प्राणी आहे म्हणून,” सेक्रेटरी म्हणाले.

निरीक्षकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कागद मांडीवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. लिहिताना ते मोठ्यानं बोलत होते. “प्राण्याचा रंग... करडा.”

मग ओढणीमागून अगदी बारीक आवाज आला, “जांभळट.”

मी आणि ही एकमेकांकडे बघतच राहिलो. खोली परक्या माणसांनी भरलेली होती आणि बिट्टी बोलली होती.

“जांभळट,” निरीक्षकांनी खोडून लिहिलं. वर पाहिलंसुद्धा नाही. “पाय सहा.”

“चार!”

“चार. दोन्ही कान मोठे.”

“एकच मोठा. ऐकायचा.” बोटांच्या वर आता एक डोळा दिसू लागला होता.

“शेपूट झुबकेदार.”

“गाठीचं आहे. पण ते बाबानं लावलंय. खरं म्हणजे त्याला शेपूट नाहीये.”

“नोंद घेतो. चावतो, ओरबाडतो, लोकांच्या वस्तू चोरतो.”

बिट्टी ओढणी सोडून खोलीच्या मधोमध आली. तिचे कान लाल झाले होते. “तो चोरत नाही! खोटं आहे ते! लोक स्वतःच वस्तू गडप करतात आणि त्याचं नाव घेतात. तो फक्त बघतो. मीटरमागे बसून बघत असतो, तो कुणाला दिसतच नाही.”

“काय काय बघितलं त्यानं?” निरीक्षकांनी विचारलं.

“अभ्रा काकूंच्या इस्त्रीनं जळला. मग त्यांनी तो पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्यात खाली दाबून टाकला, वरून सालं टाकली.”

काकू एकदम म्हणाल्या, “इश्श, काहीतरीच!” आणि लगेच, “सासूबाईंनी भरलेला होता हो तो.”

“आजोबांनी चप्पल खिडकीतून मांजरावर फेकली. मांजराला नाही लागली. पत्र्यावर पडली, अजून तिथेच आहे.”

आजोबांची पाठ भिंतीपासून सुटली. “ते मांजर उद्धट आहे,” एवढंच ते म्हणाले.

“आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांच्या दारातल्या कुंडीखाली आहे. ते रोज बघतात, आहे की नाही. पोरं वर गेली की त्यांच्या डोक्यावर धपधप आवाज होतो ना, म्हणून.”

जाळीवाल्या मदतनिसानं जाळी हळूच पायाशी ठेवली. सेक्रेटरींचा हात आपोआप शिक्क्याच्या खिशाकडे गेला, पण इथे शिक्का मारण्यासारखं काही नव्हतं. वॉचमन न सांगता बाहेर पडला. वरून त्याची हाक आली, “आहे हो! कुंडीखालीच आहे!”

“दमा आहे मला,” सेक्रेटरी कुणाकडेही न बघता म्हणाले. “दुपारी जरा डोळा लागतो, तेव्हाच नेमकी ही मुलं...” कधी नव्हे ती मला त्यांची दया आली.

“तुला हे सगळं कसं माहीत?” निरीक्षकांनी बिट्टीला विचारलं.

“मी संध्याकाळी जिन्यात बसते ना गडप्याजवळ. गप्प बसलं की कुणाला आपण दिसत नाही.”

ती हे काही तक्रारीच्या सुरात बोलली नाही; सहज, बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं बोलली. पण हिनं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. आणि मी, दुसऱ्याच्या घरात काय हरवलं ते शोधत फिरणारा माणूस, माझी मुलगी रोज संध्याकाळी कुठे बसते हे मला त्या दिवशी कळलं.

“आणखी काही पाहिलं गडप्यानं?” निरीक्षकांनी विचारलं.

“हो,” बिट्टी म्हणाली आणि मान वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं. “आईला मावशीनं फुलदाणी दिली होती ना—”

“चहा!” मी ओरडलो. “साहेब, चहा घेतल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही. बिट्टी, बिस्किटं कुठे आहेत बघ!”

ही सावकाश खिडकीकडून माझ्याकडे वळली. त्या विषयावर पुढे जे काही बोलणं झालं ते आमचं खासगी आहे.

चहा पिऊन निरीक्षकांनी कागद पुरा केला. मी मान लांब करून वाचला, ‘प्राणी मालकाच्या ताब्यात सुखरूप आहे. निरुपद्रवी. बंदोबस्ताची गरज नाही.’ निघताना ते बिट्टीशेजारी वाकले आणि हळूच म्हणाले, “करडा म्हटलं त्याबद्दल गडप्याला सॉरी सांग.” एवढ्या अनुभवी माणसानं समोर चित्र असताना रंग, पाय आणि कान असं सगळंच ओळीनं चुकीचं कसं काय वाचलं? मला तेव्हाच दाट शंका आली होती. मी त्यांना दारात गाठून विचारलंही. ते म्हणाले, “चष्मा घरी विसरलो.” पण कागद ते चष्म्याशिवायच भराभर लिहीत होते.

गच्ची उघडली. आता दुपारी सेक्रेटरींचा डोळा लागायच्या वेळेत ती बंद असते आणि नंतर पोरं वर जातात, असं ठरलं. ठरावाखाली शिक्का आहे. सेक्रेटरींनी ठराव सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून मगच तो मारला. काकूंनी सासूबाईंना अभ्र्याबद्दल काय सांगितलं ते मला कळू शकलेलं नाही, प्रयत्न चालू आहे.

कपाटावरचा रंगांचा डबा बिट्टीनं मागून घेतला आणि नवं चित्र काढलं. शेपटाशिवाय. या वेळी खाली मी काही लिहिलं नाही. तपशील असायला हवा होता असं अजूनही वाटतं, पण मी हात मागे बांधून बसलो.

गोष्टीच्या दिवशी तिला शाळेत सोडलं आणि ऑफिसला गेलो. लक्ष कशात लागेना. दुपारी बाईंचा फोन आला, जरा येऊन जाता का. बोलली नसणार, रडली असणार, उभीच राहिली नसणार, असं सगळं वाटेत मनात येऊन गेलं.

वर्गाच्या बाहेर पोचलो तर दार लोटलेलं होतं. आतून बिट्टीचा आवाज येत होता. घरातला, अगदी तोच. गडप्या आता शाळेत आला होता, बाकाखाली दडून सगळ्यांचं खोडरबर कोण पळवतं ते बघत होता, आणि मुलं ‘कोण? कोण?’ म्हणून ओरडत होती. एक मुलगा मात्र ओरडत नव्हता, तो खिडकीतून दिसत होता आणि बाकाखाली घुसायच्या बेतात होता.

बाई बाहेर आल्या. थकलेल्या दिसत होत्या. “सकाळपासून हेच चाललंय. मधल्या सुट्टीनंतर मुलांनी परत तिलाच उभं केलं,” त्या म्हणाल्या. “छानच सांगते हो. पण शेजारच्या वर्गातून सारखी तक्रार येतेय. तिला जरा हळू बोलायला सांगाल का?”

मी “सांगतो” म्हणालो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बिट्टी बाहेर आली, माझा हात धरून रस्ताभर बोलत राहिली, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलली, वॉचमनशी बोलली, जिन्यात थांबून मीटरमागे वाकून तिथेही काहीतरी बोलली.

मी तिला काहीही सांगितलं नाही.